न उचललेला झेंडा

नोकरीतल्या अनुभवांच्या अशा अंकात बहुतेक तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली माणसं लिहितात. माझी नोकरी तीन वर्षांची, तीही अर्धवेळ, आणि माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष अजून सुरू आहे. संपादक सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वर्षं मोजू नको. जे चुकलं ते लिही." चुकलेलं बरंच आहे म्हणून बसलो. आमच्या घरात कागदावर सलग चार पानं लिहिणारा मी पहिलाच, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्यावं.

माझं काम असं : सिंदेवाहीला सकाळी कॉलेज करायचं आणि आठवड्यातून चार दिवस चौदा किलोमीटरवरच्या एका गावच्या शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायचा. शाळा दहावीपर्यंतच. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण तिथल्या मुली हा अंक वाचतील आणि मग मला मैदानावर उभं राहणं कठीण होईल. गाव तलावाचं आहे. निम्म्याहून जास्त घरं ढिवर समाजाची, तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात लोकांच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला जायचं. मी स्वतः धानवाल्या घरचा. हॉस्टेलमध्ये शिकताना डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून खेळलो आणि नागपूरला दहा दिवसांचं प्रशिक्षण केलं, एवढ्यावर मला हे काम मिळालं.

त्या दहा दिवसांत मी दोनशे पानी वही भरली. शिकवणारे सर म्हणाले होते, "खेळाडू येतात, जातात. पद्धत टिकते." ते मी पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं. मला ते लगेच पटलं, आणि त्याचं कारण फुटबॉल नव्हतं. माझं आजवरचं सगळं शिक्षण असंच झालं होतं. फॉर्मवर जिथे जे लिहायला सांगितलं तिथे तेच लिहिलं, म्हणून प्रवेश मिळाला. गाइडमध्ये जसं उत्तर होतं तसंच लिहिलं, म्हणून पास झालो. घरी विचारायला कोणी नव्हतं. छापलेलं पाळलं की माणूस बुडत नाही, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

वहीतली पद्धत होती चार-तीन-तीन. गोलकीपरच्या पुढे चार बचावाला, तीन मध्ये, तीन पुढे. प्रत्येकीचा भाग ठरलेला. मुलींना तो दिसावा म्हणून मी एका रविवारी चुन्याने अख्खं मैदान चौकोनांत आखून काढलं. पाठ मोडली. सोमवारी मुली आल्या आणि काठावरच थांबल्या.

गोलकीपर राणी होती. हिचं तोंड आणि हात सारखेच चालतात. ती म्हणाली, "सर, तुमी तं बांध्या पाडल्या जी! आता रोवना करू का आमी?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण मला लागलं. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा. खरंच तसंच दिसत होतं.

"आपापल्या चौकोनात राहायचं," मी म्हणालो. "बॉल तुमच्याकडे येईल. तुम्ही बॉलच्या मागे झुंडीने धावायचं नाही."

त्यांचं मुख्य दुखणं तेच होतं. बॉल डावीकडे गेला की सगळ्या डावीकडे सरकायच्या. मी शिट्टी वाजवून परत पाठवायचो. सर्वांत वेगवान मुलगी काजल. वहीप्रमाणे वेगवान खेळाडू कडेला, म्हणून मी तिला पुढे उजव्या कडेला ठेवलं. ती दहा मिनिटं राहायची आणि मग कशी कोण जाणे, मध्ये मागे येऊन उभी असायची, तिथून इतरांना सांगत.

"काजल, चौकोन!"

"हाव सर," म्हणायची, परत जायची. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

त्या वर्षी काजल दहावीला होती. पुढे तिचं काय होणार हा प्रश्न साधा नव्हता. अकरावीसाठी सिंदेवाहीला जायचं तर मधला रस्ता जंगलातून. आदल्या वर्षी त्या रस्त्यावर वाघाने सरपणाला गेलेल्या बाईला नेलं होतं. तेव्हापासून गावातल्या कोणी मुलीला सायकलवर पाठवलं नाही, आणि परतीची गाडी अंधार पडल्यावर. एका वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नव्हतं. उरलं होतं ते खेळाडू मुलींचं वसतिगृह. तिथे राहणं, खाणं, शिकणं सगळं होतं. त्याची निवड करणारे सर तालुक्याच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला येणार होते. म्हणजे आधी आमची शाळा अंतिम सामन्यात पोचायला हवी.

काजलचे वडील मारोतीभाऊ एकदा मैदानाच्या काठावर उभे राहिले. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला भाऊ म्हणत. "भाऊ, पोरगी मले म्हनते का नंबर लागते. लागते का?"

"प्रयत्न आहे," मी म्हणालो.

"प्रयत्न तं बगळाबी करते," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतरच्या सराव सामन्यात आम्ही पाच-शून्य हरलो. माझ्या मुली आपापल्या चौकोनात नीट उभ्या होत्या आणि समोरच्या मुली चौकोनांच्या मधून बॉल घेऊन जात होत्या. कोणीही जागा सोडली नाही. एवढी पद्धत पाळलेली मी पुन्हा पाहिली नाही.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट घडली.

आमच्याकडे सराव पाच वाजता बंद करायचा नियम आहे. मैदानाच्या मागे तारेचं कुंपण, त्याच्या पलीकडे घाणेरीची झुडपं, आणि मग जंगल. कुंपणाबाहेर बॉल गेला तर एकटीने आणायला जायचं नाही. त्या दिवशी पाचला पाच कमी असताना राणीने मारलेला बॉल थेट झुडपांत गेला. दोनपैकी एक बॉल आधीच पंक्चर होता. हा गेला तर सराव संपला.

मी म्हणालो, "राहू द्या. उद्या सकाळी बघू."

"उद्या पावेतो कोनी ठेवते का सर?" राणी म्हणाली.

मी आणखी काही बोलायच्या आत मुली तारेखालून पलीकडे गेल्या होत्या. मी मागून ओरडलो. अंगाला घाम सुटला, कारण काही झालं असतं तर तेरा घरांना उत्तर मलाच द्यायचं होतं. पण त्या झुडपांत घुसल्या नाहीत. कडेला एका ओळीत उभ्या राहिल्या, हात पसरला की शेजारणीच्या बोटाला बोट लागेल एवढ्या अंतराने. काजल त्यांच्या मागे एका दगडावर चढली.

"हो!" ती म्हणाली. सगळ्यांनी एक पाऊल टाकलं. तिथेच उचललेल्या काठीने समोरचं झुडूप आपटलं. "हो!" पुन्हा एक पाऊल. एक पोरगी जरा पुढे गेली तशी काजल म्हणाली, "मनीषे, ढिल पडून राह्यली." मनीषा अर्धं पाऊल मागे आली.

मी दोन महिने शिट्टी वाजवून जी ओळ सरळ करू शकलो नव्हतो, ती माझ्यासमोर दोरीसारखी सरळ चालत होती.

मध्येच समोरचं झुडूप हललं. आतून घुरघुर आली. कोणी किंचाळलं नाही. काजल हळू आवाजात म्हणाली, "मागं." अख्खी ओळ एक पाऊल मागे आली. "मागं." आणखी एक. झुडपातून मोठं रानडुक्कर निघालं, क्षणभर आमच्याकडे पाहत थांबलं आणि आडवं पळून गेलं.  काजलने थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा म्हणाली, "हो!" सहाव्या पावलावर बॉल सापडला.

परत आल्यावर मी आधी खूप रागावलो. मग विचारलं, "हे कुठे शिकलात?"

त्या एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. राणी म्हणाली, "जाळं ओढतो न सर. याच्यात काय शिकाचं?"

मग त्यांनीच मला समजावलं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं आडवं धरून घरातले सगळे कमरेएवढ्या पाण्यातून चालतात. कोणी एक पाऊल पुढे गेला की जाळ्याला ढिल पडते आणि मासा तिथूनच निसटतो. म्हणून एकजण पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून हाक देतो. त्याला वरून अख्खं जाळं दिसतं. मारोतीभाऊंच्या घरची हाक दोन वर्षांपासून काजल देत होती. ती कडेचा चौकोन सोडून मध्ये मागे का यायची, हे मला त्या दिवशी कळलं. तिथून तिला सगळ्या दिसायच्या.

ज्यांना फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी इथे ऑफसाइड सांगायला हवं. आपल्या साथीदाराने बॉल पुढे ढकलला त्या क्षणी, पुढे उभ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान दोघे तरी हवेत, गोलकीपर धरून. नसतील तर ती ऑफसाइड आणि बॉल समोरच्यांना. कडेला झेंडा घेऊन पंच असतो, त्याने झेंडा उचलला की मुख्य पंच शिट्टी वाजवतो. याचा फायदा बचाव करणाऱ्यांना घेता येतो. बॉल मारायच्या नेमक्या क्षणी त्यांनी सगळ्यांनी मिळून एक पाऊल पुढे टाकलं, की समोरचे आपोआप मागे उघडे पडतात. मोठमोठ्या संघांना हे जमत नाही, कारण चौघांपैकी एक जरी मागे राहिला तर सगळं फसतं.

माझ्या मुलींना ते एका आठवड्यात जमलं. मी काजलला कडेवरून काढून बचावाच्या मध्ये आणलं. ती "हो!" म्हणाली की ओळ पुढे. स्पर्धेच्या पहिल्या दोन सामन्यांत समोरच्या मुलींना कळेना की आपण सारख्या ऑफसाइड का होतोय. आम्ही दोन्ही जिंकलो आणि अंतिम सामन्यात पोचलो.

मला वाटलं, मी बदललो. चुन्याचे चौकोन पुसले गेले, मी ते पुन्हा आखले नाहीत. पण घरी जाऊन मी काय केलं, तर वहीचं कोरं पान काढून वर लिहिलं, 'जाळं पद्धत'. खाली नियम लिहिले. नियम एक : काजलच्या हाकेवर सर्वांनी पुढे. नियम दोन : कोणीही मागे सरकायचं नाही. झुडपापुढे तीच ओळ दोनदा मागे आली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. ते मी लिहिलं नाही. मला त्यांची अर्धीच गोष्ट हवी होती, आणि तेवढीच मी त्यांना परत शिकवली.

अंतिम सामना तालुक्याच्या मैदानावर होता. मांडवात निवड समितीचे दोन सर, शेजारी आमचे मुख्याध्यापक. माझाही एक अर्ज त्याच सरांकडे होता, पुढच्या पातळीच्या प्रशिक्षणाचा. त्यांच्या शिफारशीवर ते अवलंबून होतं.

पहिला अर्धा भाग आमचा झाला. समोरच्या संघात नऊ नंबरची एक उंच मुलगी होती, वाऱ्यासारखी पळणारी. चार वेळा ती एकटी गोलकडे निघाली आणि चारही वेळा झेंडा वर होता. मनीषाने एक गोल केला. मध्यंतरात मी मुलींना म्हणालो, "हेच करायचं. काही बदलायचं नाही."

पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात. कडेचे पंच मात्र आपापल्याच अर्ध्या मैदानावर राहतात. म्हणजे आता आमच्या बचावावर नजर ठेवायला दुसरा माणूस होता. नेमलेला पंच आला नव्हता म्हणून सकाळी एका शिक्षकांच्या हातात झेंडा दिला होता. भला माणूस. पण ते ओळीकडे पाहतच नव्हते, बॉलकडे पाहत होते, प्रेक्षकांसारखे.

"हो!" काजलची हाक आली. ओळ पुढे आली. नऊ नंबर दोन हात मागे उघडी पडली. झेंडा खालीच. मुली हात वर करून थांबल्या आणि तिने निवांत गोल केला. एक-एक.

मी धावत गेलो. मुख्य पंच म्हणाले, "झेंडा नाही तर ऑफसाइड नाही. मागे व्हा."

खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत काजल कडेला आली. "सर, तो मानूस झेंडा उचलूनच नाई राह्यला. जाळ्याले भोक पडलं. मागं घेऊ का?"

"नाही. पुढेच. ते उचलतील आता."

"नाई उचलत सर. मी पाह्यलं. त्याईची मान इकडं वळतच नाई."

"काजल, ठरलं ते ठरलं!"

ती गेली. मुलींना काहीतरी बोलली. पाच मिनिटांत पुन्हा तसाच लांब बॉल आला. मी कडेवरून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "पुढे! काजल, पुढे!" तिघी पुढे आल्या. काजल आली नाही. ती उलटी फिरून मागे धावली. तिच्यामुळे ओळ मोडली, नऊ नंबर आता नियमाने खरी ठरली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. "काजल! ओळ! ऐकत का नाहीस!" नऊ नंबरने गोलसमोर पाय उचलला, तेवढ्यात काजलने बाजूने घसरत येऊन बॉल रेषेबाहेर काढला. तिचा गुडघा सोलला गेला.

ती उठली आणि म्हणाली, "मागं." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळ एक पाऊल मागे आली. शेवटची वीस मिनिटं तिने तिला हवी तेव्हा ओळ पुढे नेली, हवी तेव्हा मागे आणली. मी ओरडायचं थांबवलं. ऐकणारं कोणी नव्हतं.

सामना एक-एकच राहिला. पेनल्टीवर आम्ही हरलो. राणीने दोन अडवल्या, आमच्या तीन हुकल्या.

बक्षीस समारंभानंतर समितीच्या मोठ्या सरांनी मला बोलावलं. पुढ्यात काजलचा कागद होता. वेग, ताकद, बॉलवरचा ताबा, असे रकाने भरलेले. शेवटचा रकाना होता : मार्गदर्शकाच्या सूचना पाळते का?

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं. "मुलगी चांगली आहे. पण तुम्ही घसा फोडून ओरडत होता आणि ती सरळ उलट वागली. आमच्याकडे वसतिगृहात शिस्त लागते."

मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "तशी... पाळते सर. बहुतेक वेळा."

"आज पाळली?"

 माझा अर्ज त्याच फाइलीत खाली होता, त्याची निळी कड मला दिसत होती. सरांनी पेनाचं टोपण काढलं. मी "येतो सर" म्हणून निघून आलो.

मुली टेम्पोत बसल्या होत्या. काजल गुडघ्याला ओढणी बांधून कडेला. राणी म्हणाली, "सर, तुमचा आवाज तं तलावापावेतो गेला असंन." कोणी हसलं नाही.

काजल मला म्हणाली, "सर, मी आयकलं नाई, म्हनून नंबर कटते का?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. मी टेम्पोवाल्याला थांब म्हणालो आणि मांडवाकडे परत पळालो.

सर चहा घेत होते. मी धापा टाकतच बोललो. "सर, आज तिने माझी सूचना पाळली नाही. माझी सूचना चुकीची होती. झेंडा उचलला जात नाही हे तिला दिसलं, मला दिसलं नाही. तिने मला सांगितलं, तरी मी ऐकलं नाही. पाळली असती तर आणखी गोल झाला असता."

मुख्याध्यापक म्हणाले, "अरे, मग तुला कशाला ठेवलं आहे आम्ही?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. रकाना अजून कोरा होता. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. "हे तोंडी नको. स्वतःच्या अक्षरात लिहा आणि सही करा. मात्र तुमचा अर्जही मीच वाचणार आहे, हे लक्षात ठेवा."

मी लिहिलं. अक्षर थोडं वाकडं आलं. 'आज सूचना पाळली नाही. सूचना चुकीची होती. खेळाडूने मैदान पाहून निर्णय घेतला व तो बरोबर होता.' खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी रकान्यात अपेक्षित नसलेलं उत्तर लिहिलं होतं.

मे महिन्यात यादी लागली. काजलचं नाव होतं, सर्वांत शेवटी. माझा अर्ज मंजूर झाला नाही. त्या कागदामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मुख्याध्यापकांनी मला काढलं नाही, मात्र दर सोमवारी विचारतात, "आज सूचना कोण देणार, तू की मुली?" मारोतीभाऊंनी एक दिवस मरळ मासा पानात गुंडाळून आणून दिला. 

एका गोष्टीची रुखरुख राहते. त्या दोन महिन्यांत चौकोनात उभ्या करून ठेवलेल्या मुलींपैकी दोघी पुढच्या वर्षी मैदानावर आल्याच नाहीत. त्यांच्याकडे काय होतं ते मी पाहिलंच नाही. ती वही अजून आहे. लाल पेनाने लिहिलेलं पहिलं पान मी फाडलं नाही.

परवा रविवारी काजलचा फोन आला, वसतिगृहाच्या मॅडमच्या मोबाइलवरून.

"सर, इथल्या सराईपाशीबी वही हाये," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा जाड. मागं मध्ये उभं राह्याचं, ओळ पुढंच ठेवाची, मागं घ्याची नाई म्हनते. काय करू?"

'सरांचं ऐक' हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेच सोपं होतं. 

"सर, आयकून राह्यले न?"

"हो. ते शिकवतात ते नीट शीक. आणि झेंड्याच्या माणसाकडे लक्ष ठेव."

"थे तं पहिल्याच दिवशी पाह्यलं सर," काजल म्हणाली. "इथला उचलते."